मागील ॲक्सलची अदलाबदल

अमेरिकेतील शेव्हरोलेच्या सी-१० या अर्ध्या टनी पिकअप गाडीच्या प्रत्येक चाकास १९७० पर्यंत ६ नट असत. १९७१ पासून ते ५ झाले व नटांचे वर्तुळही साडेपाच इंचांवरून ५ इंचांवर आले. जुन्या गाडीस नवी चाके बसविण्यासाठी तेथील कारागीर १९७१-७२ च्या गाडीचा संपूर्ण मागील ॲक्सलच आणून जोडतात.

परंतु काम येथे संपत नाही. क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर निराळे असल्यास वेगदर्शक खोटा वेग दाखवितो. पुढचे हब तसेच ठेवल्यास एकच स्टेपनी मागेपुढे चालत नाही. हे बहुधा आडरानात चाक पंक्चर झाल्यावरच उमगते! आपल्याकडे असा फेरफार योजणाऱ्यांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आधी वाचावे. ब्रेकच्या नळीतील हवा काढल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये.