आगीतील भागीदारी : ऊर्जेचा वापर आणि आपली जबाबदारी

माणूस जी आग पेटवतो तिचे झाड कोणी निर्माण केले, असा प्रश्न अल्लाहने सूरह वाकियात विचारला आहे (आयत ७१ ते ७३). ही आग स्मरण करून देणारी आणि वाटसरूंच्या उपयोगाची वस्तू असल्याचेही तेथेच सांगितले आहे. आज आपल्या घरात चूल नसेल, पण वीज आहे. आणि आपल्या देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशापासून तयार होते. कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडली गेलेली झाडेच! म्हणजे बटण दाबणाऱ्या माणसालाही तो प्रश्न लागू आहे.

पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत मुसलमान परस्परांचे भागीदार आहेत, या आशयाची हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. ऊर्जेच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी या हदीसमधून मिळते. भागीदारीत दोन बाजू असतात : ज्याला वाटा मिळालेला नाही त्याचा हक्क, आणि ज्याला मिळाला आहे त्याच्यावरील बंधन.

हक्काची बाजू

जगात जवळपास ७० कोटी लोकांच्या घरी अद्याप वीज नाही. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. दोनशे कोटींहून अधिक लोक लाकूड, शेणी किंवा कोळशावर स्वयंपाक करतात आणि तो धूर प्रामुख्याने स्त्रिया व मुलांच्या छातीत जातो. अशा कुटुंबाने पहिला दिवा मागितला, तर ती हाव नव्हे. जगाची ऊर्जेची मागणी वाढते आहे, त्यातील हा भाग न्यायाचा आहे. मात्र जगातील सुमारे चार पंचमांश ऊर्जा अजूनही कोळसा, तेल आणि वायू यांतून येते. त्याच मार्गाने सर्वांची गरज भागवू गेल्यास हवा आणि हवामान बिघडेल, आणि त्याची झळ प्रथम गरिबालाच लागेल. म्हणून स्रोत बदलणे आवश्यक आहे.

मोरोक्कोचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. हा देश आपल्या गरजेची बहुतांश ऊर्जा आयात करत आला. तेथे वाळवंटाच्या कडेला, वर्झाझात शहराजवळ, ‘नूर’ नावाचा सौरप्रकल्प उभा राहिला. त्याचा १६० मेगावॉटचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला. तेथील आरसे सूर्याची उष्णता एकवटतात. ती वितळलेल्या क्षारांत साठवली जाते आणि मगरिबनंतर, विजेची मागणी वाढते तेव्हा, वापरता येते. हा मार्गही विनामूल्य नाही : त्या कोरड्या प्रदेशात आरसे धुण्यासाठी पाणी लागते. त्याच देशाने अनेक मशिदींवर सौरपट्ट्या बसवल्या आणि आतील दिवे बदलले.

बंधनाची बाजू

वुजू करताना जास्त पाणी वापरणाऱ्या हजरत सअद (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) टोकले आणि वाहत्या नदीकाठीही इसराफ होतो असे समजावले, अशी रिवायत इब्ने माजामध्ये आहे. म्हणजे वस्तू विपुल असली तरी उधळपट्टी माफ होत नाही. ‘आम्ही बिल भरतो’ हे उत्तर येथे पुरेसे नाही, आणि छतावर सौरपट्ट्या बसवल्या म्हणूनही नाही. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तरी सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. नमाज संपून मशीद रिकामी झाल्यावर फिरत राहणारे पंखे तर लोकांच्या चंद्यावर चालतात. तो पैसा अमानत आहे.

एक गैरसमज

आग सर्वांची आहे, मग तारेवर आकडा टाकला तर बिघडले कुठे, असे काहीजण विचारतात. हनफी फुकहांनी याचे उत्तर शतकांपूर्वीच देऊन ठेवले आहे. कोणी मोकळ्या माळावर आग पेटवली, तर तिचा उजेड आणि ऊब घेण्यापासून इतरांना अडवता येत नाही. पण त्याचे निखारे त्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाहीत. वीज खर्च करून निर्माण केली जाते, तारांतून पोहोचवली जाते. ती चोरणे म्हणजे निखारे उचलणे होय, आणि त्याचा भार प्रामाणिक ग्राहकावर पडतो. अशा विजेच्या उजेडात केलेली इबादतही आपल्याला प्रश्न विचारील. ज्याला बिल परवडत नाही, त्याला मदत करणे ही मोहल्ल्याची जबाबदारी आहे.

म्हणून प्रत्येक घराने या महिन्याचे वीजबिल एकदा एकत्र बसून वाचावे आणि गरज कोठे संपली, इसराफ कोठे सुरू झाला, ते मुलांसह ठरवावे. जे वाचेल त्यातून एखाद्या अंधाऱ्या घरात दिवा लावता आला, तर ती खरी भागीदारी.

अल्लाह आपल्याला त्याच्या नेमतींची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.