टर्बोनंतरचा पाइप

"तू मेकॅनिकलला आहेस नव्हं? मग एक पाइप बदलायला येत नाही होय तुला?"

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला मामाकडे बॅग टेकवते न टेकवते तोच दादाने हा बॉम्ब टाकला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याच्याकडे २०१४ ची सेकंडहँड लिनिया टी-जेट आहे. १३६८ सीसीचं पेट्रोल टर्बो इंजिन, ११४ पीएस, २२०० आरपीएमला २०७ न्यूटन-मीटर टॉर्क. उद्यमनगरातून त्याने अडीच इंची स्टेनलेस स्टीलचा डाउनपाइप वळवून आणला होता. टिगचं वेल्डिंग इतकं सुबक, की आमच्या वर्कशॉपच्या सरांनी बघितलं असतं तर माझ्या सबमिशनचा जॉब खिडकीबाहेर फेकला असता. फक्त एक गोष्ट त्या पाइपमध्ये नव्हती: कॅटलिटिक कन्व्हर्टर.

मेकॅनिकलला मुलगी म्हटलं की नातेवाईक एकतर हसतात, नाहीतर मिक्सर दुरुस्तीला आणून देतात. इथे पहिल्यांदा कोणीतरी खरं काम देत होतं. मी हो म्हटलं. ते चुकलंच, पण आधी थोडी थिअरी. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावेत.)

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टच्या दोन टोकांना बसवलेली दोन चाकं. एक्झॉस्टच्या गरम वायूने एक फिरतं, ते टर्बाइन. त्याच शाफ्टवरचं दुसरं इंजिनात हवा दाबून भरतं, तो कॉम्प्रेसर. शाफ्टचा वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर जातो. आता टर्बाइन फिरतं कशावर? नुसत्या दाबावर नाही, दोन बाजूंच्या दाबांच्या गुणोत्तरावर. समजा टर्बाइनच्या आधी २ बार आहे आणि नंतर १.३ बार, तर गुणोत्तर १.५४. मागचा पाइप मोकळा करून नंतरचा दाब १.१ वर आणला तर तेच गुणोत्तर १.८२ होतं. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण मुद्दा खरा: टर्बोनंतरचा पाइप जितका मोकळा, तितकं टर्बाइन लवकर वेग घेतं. म्हणून टर्बो गाडीवाले सगळ्यात आधी डाउनपाइपच्या मागे लागतात. साध्या इंजिनात पाइपची लांबी, वायूच्या लाटा यांचं गणित जमवावं लागतं, तेवढी इथे भानगड नाही.

पण (आणि हे दादाला पटवता पटवता माझा घसा बसला) गाडीचा ईसीयू बूस्ट स्वतः ठरवतो. ठरलेला बूस्ट आला की वेस्टगेट उघडतं आणि जास्तीचा वायू टर्बाइनला बगल देऊन निघून जातो. म्हणजे नुसता पाइप बदलून बूस्ट थोडा लवकर येईल, इंजिनाचं वायू बाहेर ढकलायचं काम थोडं कमी होईल, बाकी फारसं काही नाही. खरी पॉवर हवी तर रीमॅप लागतो. उलट वेस्टगेटचं भोक लहान पडलं तर पाइप मोकळा केल्यावर बूस्ट ठरलेल्यापेक्षा वर सरकत जातो आणि इंजिन नॉक करायला लागतं.

आणि कॅट म्हणजे नुसता अडथळा नव्हे. आत सिरॅमिकची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापली की ती कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते, न जळलेलं पेट्रोल जाळते आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स फोडते. ती काढणं कायद्यात बसत नाही, हेही मला माहीत होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि हवा-आवाजाचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. "पीयूसीच्या दिवशी जुना पाइप लावू की," दादा म्हणाला. मी गप्प बसले. मलाही गाडीखाली शिरायचंच होतं.

काम कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण हेच वाचायला तुम्ही पान उलटलं असणार.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गार गाडीच्या सगळ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. रात्रभर मुरू द्यायचा, घाई नाही. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान, फराळ उरकून कामाला लागलो (परत अंघोळ करावी लागली ते वेगळं). बॅटरीची निगेटिव्ह काढली. मागच्या चाकांना लाकडी गुटके लावले, हँडब्रेक ओढला, पुढची बाजू जॅकने उचलून जॅक स्टँडवर ठेवली. दादा शेजारच्या बांधकामावरून सिमेंटचे ब्लॉक आणत होता. मी म्हटलं, ब्लॉक आणलेस तर मी चालले हॉस्टेलला. सिमेंटचा ब्लॉक तडकताना आधी सांगत नाही, आणि हायड्रॉलिक जॅकचं एक रबरी सील गेलं की हजार किलोच्या वर वजनाची गाडी सरळ छातीवर येते. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघायची, मगच डोकं आत घालायचं. काढलेलं एक चाकही चेसिसखाली आडवं सरकवून ठेवलं.

हीट शील्ड काढली, ऑक्सिजन सेन्सर सोडवला. त्याला २२ मिलीमीटरचा पाना लागतो, वायर मधून जाईल असा खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. टर्बोच्या तोंडाचे नट सगळ्यात हट्टी. इथे तापमान आठशे-नऊशे अंशांपर्यंत जातं, मग नट आणि स्टड एकजीव होतात. जोर लावून तोडायचे नाहीत; पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. तरी एक स्टड नटासकट बाहेर आलाच. तुटण्यापेक्षा बरं म्हणून तोच दोन नट एकमेकांवर आवळून परत बसवला. मागच्या रबरी कड्या साबणाच्या पाण्याने सुटतात. पाइपखाली आधी काहीतरी टेकू द्यायचा, नाहीतर शेवटचा नट सुटताच तो तोंडावर येतो.

नवा पाइप लावताना सगळे सांधे आधी ढिले जुळवायचे, पाइप कुठे घासत नाही ना ते बघायचं, आणि मग टर्बोकडून मागे एकेक आवळत यायचं. नटांना कॉपरची अँटी-सीझ पेस्ट. इथपर्यंत सगळं पुस्तकात शोभावं असं.

मग गॅस्केट. टर्बो आणि पाइपच्या मधलं हे धातूचं पत्र्याचं कडं. ते एकदा दाबलं जातं, तेव्हाच सांध्याच्या आकाराचं होतं. परत वापरायचं नसतं. नवं आणायचं दोघेही विसरलो होतो, आणि दुकानं थेट भाऊबीजेनंतर उघडणार होती. दादा म्हणाला, "असू दे की, घट्ट आवळ." मी जुनंच पुसून बसवलं आणि घट्ट आवळलं.

गाडी चालू केली तेव्हा आवाज लई भारी आला, खोटं कशाला बोलू! दुसऱ्या दिवसापासून दादा रोज सकाळी सहाला पोर्चमध्ये गाडी चालू करून दहा-दहा मिनिटं गरम करायचा. गरम करणं कसलं, मित्रांना आवाज ऐकवणं. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. कॅटनंतरचा सेन्सर 'कॅट काम करत नाही' म्हणून ओरडत होता. आम्ही त्यावर हसलो.

मामाचा पोर्च तीन बाजूंनी बंद आहे. आजीच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आजी म्हणाली, "डोकं ठणकाय लागलंय बघ." सगळे म्हणाले, फटाक्यांचा धूर. पाडव्याला परत तेच, शिवाय मळमळ. पण दुपारी अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन आली तेव्हा एकदम टवटवीत. तेव्हाच माझ्या डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. भाऊबीजेच्या सकाळी आजी पलंगावरून उठताना कोसळली. उलटी झाली, बोलणं अडखळत होतं. मामीने कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावला: ९८. "ऑक्सिजन तर चांगला आहे," ती म्हणाली, आणि मामीचंही डोकं दुखतंय हे तेव्हा कळलं.

खाली गाडी चालूच होती. मी धावत जाऊन आधी ती बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या, आजीला दादाने उचलून गच्चीवर नेलं आणि तिथून हॉस्पिटलला. डॉक्टरांना मी गाडीचं सांगितलं. त्यांनी लगेच मास्कने ऑक्सिजन सुरू केला. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि घरचा साधा ऑक्सिमीटर त्या दोघांत फरक करू शकत नाही. म्हणून ९८. वास नाही, रंग नाही. दोन दिवसांनी आजी घरी आली. मी ते दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

गाडी गार झाल्यावर खाली शिरले. टर्बोच्या सांध्यातून एका बाजूला काजळीचा काळा पंखा उमटला होता, तळहाताएवढा. गॅस्केट तिथेच सुटलं होतं. म्हणजे थंड इंजिनाचं पेट्रोल-भारी मिश्रण, कॅट नाही, आणि त्यात हा सांधा, सगळं बंद पोर्चमध्ये. कॅट असता तरी पहिला एखादा मिनिट तो गारच असतो, काम करत नाही. पण नंतर तरी करतो. आमचा दहा मिनिटांत काहीच करणार नव्हता. आणि कॅट असला तरी बंद जागेत गाडी चालू ठेवायची नसतेच.

दुकानं उघडल्यावर नवं गॅस्केट आणलं. किंमत लिहायची लाज वाटते. जुना, कॅटवाला पाइप परत चढवला. या वेळी गाडी चालू न करताच लीक बघितला: मामीच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलटी, फुंकणाऱ्या बाजूला लावली, ती सायलेन्सरच्या तोंडात कापड गुंडाळून बसवली, आणि प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचं पाणी सोडलं. टर्बोकडे एकही फुगा नाही. मागच्या एका क्लॅम्पवर बारीक फुगे आले, तो सैल करून परत बसवला. गाडी गेटबाहेर रस्त्यावर काढून एकदा पूर्ण गरम केली, गार होऊ दिली, आणि सगळे नट परत एकदा तपासले. दोन नट पाव पाव फेरा फिरले.

पिवळा दिवा दोन-तीन दिवस गाडी चालल्यावर आपोआप विझला. पाइप आता माळ्यावर आहे. दादा म्हणतो गाडी त्याने नक्की पळायची. आम्ही दोन्ही पाइपांवर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० चा वेळ मोबाइलवर घेतला होता. फरक माझ्या बोटाच्या चुकीएवढा होता. त्याला तो पाइप विकायचा आहे. मी म्हटलं, विक, पण घेणाऱ्याला आजीचं सांगून विक. अजून तरी विकला नाही.