स्वमग्न मूल आणि घरचे शिक्षण

स्वमग्नता म्हणजे हट्टीपणा नव्हे, आईच्या संगोपनातील उणीवही नव्हे. तज्ज्ञाने रोज घरी येणे दुरापास्त. म्हणून ती पद्धत पालकांनीच शिकून घ्यावी. भोपाळ येथे केंद्र शासनाचे दिव्यांगांसाठी समेकित क्षेत्रीय केंद्र आहे. तेथे मार्गदर्शन घ्यावे. मूल किंचाळण्यापूर्वी काय घडले, ते वहीत टिपावे. पुष्कळदा कुकरची शिट्टी किंवा अचानक बदललेला दिनक्रम एवढेच कारण निघते! अंघोळ, जेवण, शाळा यांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावल्यास पुढे काय, ते मुलास उमगते. आजी-आजोबांनीही हाच क्रम पाळावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र आधी काढून ठेवावे.