मुक्त विश्वाच्या खेळातील चैतन्य

ज्या व्हिडिओ खेळात खेळाडूला ठरावीक वाटेने न नेता एका विस्तीर्ण प्रदेशात सोडून दिले जाते आणि कोठे जावे, कोणते कार्य आधी करावे, याचा निर्णय त्याच्यावरच सोपविला जातो, त्यास 'ओपन वर्ल्ड' अर्थात मुक्त विश्वाचा खेळ म्हणतात. असे कित्येक खेळ पुरे करण्यास पन्नासाहून अधिक तास लागतात. एवढा काळ खर्ची घालणाऱ्यास मोबदल्यात काय मिळते, हा प्रश्न म्हणूनच गौण नव्हे.

केवळ विस्ताराने विश्व जिवंत होत नाही. 1984 साली डेव्हिड ब्रेबन व इयान बेल या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा खेळ रचला. अवघी 32 किलोबाइट स्मृती असलेल्या संगणकावर त्यांनी आठ आकाशगंगा व त्यांत एकूण 2,048 ग्रहमंडले सामावली. ही मंडले साठवून ठेवलेली नव्हती. गणिती नियमांनी ती हवी तेव्हा निर्माण होत. त्यांपैकी पुष्कळशी एकमेकांसारखीच भासत. तरीही खेळ रंगे, कारण शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त मिळे, उद्योगप्रधान ग्रहावर ते महाग विकले जाई, आणि निषिद्ध मालाचा व्यापार करणाऱ्याच्या पाठीस पोलीस लागत. खेळाडूच्या कृतीस विश्व उत्तर देई.

हे उत्तर देणे, हेच चैतन्याचे पहिले लक्षण होय. 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या जपानी खेळात कोरड्या गवतास आग लागते, आगीने तापलेली हवा वर चढते व त्या झोतावर खेळाडूस तरंगता येते. पाऊस आला की कडे निसरडे होतात. वादळात अंगावर धातूचे शस्त्र असल्यास वीज पडते. नियम मोजकेच, पण ते परस्परांशी जोडलेले. त्यामुळे रचनाकाराने न सुचविलेली युक्तीही खेळाडूस सुचू शकते.

दुसरे लक्षण म्हणजे खेळाडूवाचून चालणारे जीवन. 1988 च्या 'अल्टिमा' मालिकेतील पाचव्या भागात गावकरी आपापल्या वेळी कामास जात, जेवत व रात्री झोपत. त्यांना भेटावयाचे तर त्यांची वेळ पाळावी लागे. जे जग आपली वाट पाहत थांबत नाही, तेच खरे वाटते.

तिसरे लक्षण समजण्यास म्हैसूर नगराचे उदाहरण घेऊ. कुवेंपुनगरासारख्या वस्तीत राहणाऱ्यास चामुंडी टेकडी परिचित असते. माथ्यावर जाण्यास मोटारीचा रस्ता आहे, तशाच सुमारे हजार पायऱ्याही आहेत. पायऱ्यांनी जाणाऱ्यास वाटेत एका अखंड शिळेतून घडविलेला सतराव्या शतकातील प्रचंड नंदी भेटतो. दम लागलेला असताना घडलेले ते दर्शन निराळेच असते. लक्ष्य दुरून दिसावे, वाट आपण निवडावी आणि वाटेत काही गवसावे, हाच उत्तम मुक्त विश्वाचाही क्रम होय. याउलट काही खेळांत एका मनोऱ्यावर चढताच नकाशावर असंख्य चिन्हे उमटतात. मग शोध संपतो आणि उरते ती यादीवरची खूण करण्याची कामगिरी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुक्तता हा खेळाच्या श्रेष्ठतेचा एकमेव निकष नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेला 'राजी' हा खेळ आखलेल्या वाटेनेच पुढे सरकतो. भावाच्या शोधात निघालेल्या बहिणीची कथा सांगण्यास ती वाटच योग्य होती.

तात्पर्य, गुण, नाणी वा शस्त्रे हे पारितोषिकाचे बाह्य रूप होय. विश्वाचा एखादा नियम स्वतः ओळखणे आणि त्याच्या बळावर पूर्वी अशक्य वाटलेले साधणे, हे खरे पारितोषिक. खेळाची परीक्षा करू इच्छिणाऱ्याने, तसेच मुलांच्या खेळाची चिंता वाहणाऱ्या पालकानेही, एवढेच विचारावे: आज किती मिळविले, की आज काय उमगले? ज्या खेळाविषयी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उत्साहाने मिळते, त्यात घालविलेला वेळ सर्वस्वी व्यर्थ गेला असे म्हणता येणार नाही.