दक्षिणद्वार सोहळा : स्वरूप, महत्त्व आणि भाविकांनी घ्यावयाची दक्षता

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर श्रीक्षेत्र नृसिंहवाडी वसले आहे. श्रीनृसिंह सरस्वती स्वामी महाराजांनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले व आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजेच गुरुद्वादशीस, औदुंबराच्या छायेत मनोहर पादुका ठेवून गाणगापुरास प्रस्थान केले, अशी श्रद्धा आहे. पादुकांचे मंदिर कृष्णेच्या अगदी काठावर असल्याने पावसाळ्यात नदीचे पाणी प्रतिवर्षी मंदिराच्या पायाशी येते. याच स्थानविशेषातून दक्षिणद्वार सोहळ्याची परंपरा निर्माण झाली.

सोहळ्याचे स्वरूप : नदीची पातळी वाढू लागली की पाणी उत्तरेकडील द्वारातून मंदिरात प्रवेश करते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील द्वारातून बाहेर पडते. श्रींच्या चरणांना स्पर्शून आलेल्या या जलात भाविक स्नान करतात. पाणी चढताना होणाऱ्या सोहळ्यास 'चढता', तर पूर ओसरताना होणाऱ्या सोहळ्यास 'उतरता' दक्षिणद्वार म्हणतात. पातळी आणखी वाढल्यास मंदिर पाण्याखाली जाते. अशा वेळी श्रींची उत्सवमूर्ती वरील बाजूच्या श्रीनारायण स्वामी मंदिरात नेली जाते व नित्य उपासना तेथे चालते. पुरातही सेवा खंडित होत नाही, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य होय.

इतर पर्वांना पंचांगाचा आधार असतो. गुरू कन्या राशीत आला की कृष्णातीरी कन्यागत महापर्वकाळ सुरू होतो. तो २०१६ मध्ये झाला व यापुढील २०२८ मध्ये येत आहे. दत्तजयंती व गुरुद्वादशी यांच्या तिथीही निश्चित आहेत. दक्षिणद्वारास मात्र तिथी नाही. एखाद्या वर्षी हा योग अनेकदा येतो, एखाद्या वर्षी भाविकांना वाट पाहावी लागते.

पाणी कोठून येते : हे समजून घेणे प्रत्येक यात्रेकरूच्या हिताचे आहे. कोयना व वारणा या नद्यांचे पाणी कृष्णेतून, तर राधानगरी धरणातून सुटलेले पाणी भोगावतीमार्गे पंचगंगेतून संगमाकडे येते. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित असून धरण भरताच ते आपोआप उघडतात. त्यामुळे वाडीस ऊन पडलेले असतानाही, दूर घाटमाथ्यावर झालेल्या पावसाने येथील पाणी वाढू शकते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर याच पातळ्या अनुक्रमे ३९ व ४३ फूट आहेत. पावसाळ्यात निघण्यापूर्वी वृत्तपत्रातून हे आकडे अवश्य पाहावेत. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी या परिसराचे अतोनात नुकसान केले, याचे स्मरण असावे.

भाविकांनी पाळावयाचे नियम : सोहळ्याच्या वेळी सेवेकरी व पोलीस सांगतील तेथेच आणि तेवढाच वेळ स्नान करावे. पायऱ्यांवर शेवाळ व गाळ असतो, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये. वृद्ध व आजारी व्यक्तींनी प्रवाहात न उतरता तीर्थाचे प्रोक्षण करून घ्यावे. छायाचित्रासाठी कठड्यावर चढू नये. साबण, निर्माल्य व जुनी वस्त्रे पाण्यात टाकू नयेत, कारण खालच्या गावांना हेच जल प्यावे लागते.

दात्यांस विनंती की देणगी अधिकृत कार्यालयातच द्यावी व पावती घ्यावी. वस्तुरूपाने काही द्यावयाचे असल्यास आधी चौकशी करावी, म्हणजे ते योग्य वेळी उपयोगी पडेल.

दुरून आलेल्या भाविकास स्नानाचा योग न लाभल्यास मनात रुखरुख राहणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या पादुकांच्या स्पर्शाने जल पवित्र होते, त्या पादुकांचे दर्शन पाणी ओसरल्यावर पुन्हा सर्वांना मिळते. पाणी चढले असेल तर वरूनच हात जोडावेत, नामस्मरण करावे व सुखरूप घरी परतावे. तीच त्या दिवसाची सेवा होय.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥