स्विचचे जलद पोर्ट : कोठे लावावे, कोठे लावू नये

कापडाचे दुकान असो, हार्डवेअरचे असो की शिवणकामाचा कारखाना, बिलाचे संगणक, कॅमेरे आणि वायफाय आता एकाच स्विचवर येऊन मिळतात. स्विचमधील एका चुकीच्या ओळीने ऐन ईदच्या खरेदीत सगळी बिले थांबू शकतात. म्हणून नेटवर्कचा हुन्नर शिकणाऱ्या तरुणांसाठी आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी आम्ही हा विषय येथे सोपा करून देत आहोत.

फेरा म्हणजे काय?

दोन स्विच दोन वायरींनी जोडले की फेरा तयार होतो. गल्लीत उठलेली आवई जशी फिरून उठवणाऱ्याच्याच कानी येते, तसे सर्वांसाठी सोडलेले संदेश या फेऱ्यात फिरत राहतात. इथरनेटच्या संदेशावर 'इतक्या फेऱ्यांनंतर थांब' असा शिक्काच नसतो. त्यामुळे काही क्षणांत सारे नेटवर्क गुदमरते.

यावर 1985 साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीत रेडिया पर्लमन या महिला अभियंत्याने स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे निरोप पाठवतात, फेरा ओळखतात आणि जादा वाट बंद ठेवतात. मुख्य वायर तुटली तर तीच बंद वाट उघडली जाते.

तीस सेकंदांची किंमत

या सावधगिरीला वेळ लागतो. जुन्या पद्धतीत पोर्ट सुरू झाल्यावर 15 सेकंद नुसते ऐकते, पुढील 15 सेकंद पत्ते शिकते आणि मगच माल सोडते. वीज जाऊन आली की संगणक लगेच नेटवर्कचा पत्ता मागतो, पण पोर्ट बंद असल्याने उत्तर येत नाही. मग विंडोजचा संगणक 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो आणि बिल निघत नाही. पोर्टफास्ट ही सोय यासाठीच आहे. ती लावलेले पोर्ट वाट न पाहता सुरू होते. शिवाय असा संगणक चालू-बंद केल्याने बाकीच्या स्विचना आपले शिकलेले पत्ते पुसावे लागत नाहीत.

ट्रंकची गोष्ट वेगळी

नगरच्या कापडबाजारात एक दुकान आहे असे समजा. त्यात बिलाचे, कॅमेऱ्यांचे व ग्राहकांच्या वायफायचे असे तीन व्हीलॅन, म्हणजे तीन वेगळे कप्पे आहेत. साधे पोर्ट एकाच कप्प्याचा माल नेते, तर ट्रंक एकाच वायरीवरून अनेक कप्प्यांचा माल नेते. सिस्कोच्या स्विचवर साधी पोर्टफास्टची ओळ ट्रंकवर लागू होत नाही. त्यासाठी 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट ट्रंक' अशी वेगळी ओळ द्यावी लागते. नव्या प्रणालींत ती 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट एज ट्रंक' अशी आहे.

ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, कारण ट्रंकच्या पलीकडे बहुधा दुसरा स्विच असतो. पलीकडे सर्व्हर, राउटर किंवा वायफायचे यंत्र असेल आणि वाट तेथेच संपत असेल, तरच ही ओळ द्यावी. वायफायचे यंत्र हवेतून गोदामातील स्विचला जोडलेले असेल, किंवा सर्व्हरमधील दोन कार्डे एकमेकांना जोडून पूल केला असेल, तर तेथे वाट संपत नाही. अशा ठिकाणी ही ओळ नको. दोन स्विचमधील वायरीवर तर ती कधीच देऊ नये.

कामाचा क्रम

पहिले, वायर हाताने शोधून पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी पाहावे.

दुसरे, त्या एकाच पोर्टवर ओळ द्यावी. सर्व पोर्टांवर सरसकट देऊ नये.

तिसरे, सोबत बीपीडीयू गार्ड लावावा. मग त्या पोर्टावर दुसऱ्या स्विचचा निरोप आला की पोर्ट आपोआप बंद पडते. दोष दूर केल्यावर ते बंद करून पुन्हा चालू करावे लागते. गार्ड नसेल तर निरोप येईपर्यंत फेरा सुरू होऊ शकतो. काही स्वस्त स्विच हे निरोप पुढे जाऊच देत नाहीत, म्हणून केवळ गार्डवरही विसंबून राहू नये.

चौथे, दोन स्विचमधील जोड लवकर सुरू व्हावी असे वाटत असेल तर 2001 साली प्रमाणित झालेली रॅपिड स्पॅनिंग ट्री दोन्ही स्विचवर चालू करावी. तिच्यात स्विच आपसात विचारपूस करून बहुधा सेकंदाच्या आत वाट उघडतात आणि फेऱ्यापासून संरक्षणही कायम राहते.

अमानतीचा मुद्दा

सर्व पोर्ट जलद करून दिले की त्या दिवशी ग्राहक खूश होतो आणि कारागीर लवकर मोकळा होतो. दोष मात्र आत राहतो. पुढे कोणी नोकर रिकामी दिसलेली वायर दुसऱ्या भोकात खोचतो, तेव्हा तो बाहेर पडतो. मालातला ऐब दडवून विकणे आपल्याला नाजायज आहे. हातच्या कामालाही तोच नियम लागू होतो. कारागिराने कोणते पोर्ट जलद केले आणि का, याचा कागद लिहून द्यावा. व्यापाऱ्याने तो मागून घ्यावा व स्विचच्या पेटीतच ठेवावा. पुढे कारागीर बदलला तरी नव्या माणसाला त्या कागदावरून काम समजेल आणि दुकान बंद ठेवायची वेळ येणार नाही.