ठिपका, सात आकडी नंबर आणि जहाजावरची नोकरी

कोळसा, लोहखनिज, धान्य असा सुटा माल पोत्यांत न भरता थेट होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारात, ओतून नेणारे जहाज म्हणजे बल्क कॅरिअर. मर्चंट नेव्हीत शिरलेल्या वसई-विरारच्या मुलाला पहिले जहाज असे मिळू शकते. मग घरच्यांच्या मोबाइलवर नकाशातला एक ठिपका मुक्कामाला येतो.

तो ठिपका एआयएस या जहाज-ओळख यंत्रणेचा. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० ग्रॉस टनेज व त्यावरच्या जहाजांवर ती २००४ अखेरपासून सक्तीची आहे. चालते जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपले स्थान, वेग व दिशा व्हीएचएफ रेडिओवरून कळवते. नांगरलेले दर ३ मिनिटांनी. किनाऱ्यावरच्या केंद्रांना हे संदेश थोड्याच अंतरापर्यंत मिळतात, पुढे भिस्त उपग्रहांवर. त्यामुळे भर अरबी समुद्रात ठिपका तासन्‌तास हलला नाही, तर बहुधा जहाज नव्हे, माहिती थांबलेली असते. पुढचे बंदर आणि ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे) हे तपशील अधिकारी हाताने भरतात, आणि तेथे चुका होतात.

ठिपका ठळक दिसला म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊन गेलेले भारतीय जहाज ‘जग आनंद’ जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर अडकून नांगरून होते. जागा साऱ्या जगाला ठाऊक होती, तरी जहाजावरचे २३ भारतीय सुटले ते जानेवारी २०२१ मध्ये, जपानच्या चिबा येथे त्यांच्या जागी नवे खलाशी चढल्यावर.

पालकांनी ठिपक्याआधी जहाजाचे तपशील वाचावेत. जहाजाची ओळख असलेला आयएमओ नंबर सात आकडी असतो. नाव, मालक, झेंडा बदलला तरी तो कायम राहतो. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली, की तिचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. ९०७४७२९ मध्ये बेरीज १३९ येते, म्हणून शेवटी ९. बांधणीचे वर्ष जरूर पाहावे. डेडवेट म्हणजे माल, इंधन, पाणी व माणसे धरून पेलता येणारे वजन. त्यावरून बल्क कॅरिअरचे वर्ग ठरतात: सुप्रामॅक्स साधारण ५० ते ६० हजार टनांचे, स्वतःच्या क्रेन असलेले. केपसाइज दीड लाखाच्या आसपास वा पुढचे, बहुधा क्रेनविना. शिकाऊ कॅडेटच्या वाट्याला मात्र दोन्हींवर होल्ड धुणे येतेच.

अशा जहाजांवर डेक किंवा इंजिन अधिकारी होण्यासाठी बारावीला भौतिक, रसायन व गणितात ६० टक्के आणि आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. डेकसाठी रंगांधळेपणा चालत नाही. दहावीनंतर खलाशी होण्यासाठी जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आहे.

फसवणूक बहुधा एजंटाच्या दारात होते. भरती करणाऱ्या कंपनीचा आरपीएसएल हा भरतीचा परवाना केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या (डीजी शिपिंग) यादीत तपासावा. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे. मागितले, की तेथूनच परतावे.

समुद्र नको असलेल्यांसाठी मुंबईतल्या जहाज कंपन्यांत चार्टरिंग (जहाजे भाड्याने देणे-घेणे) आणि ऑपरेशन्सची कामे असतात. तेथे हाच ठिपका, जहाजाकडून रोज दुपारी येणारा नून रिपोर्ट आणि इंधनाचा हिशेब जुळवणे हे काम. डहाणूजवळचे वाढवण बंदर मुख्यतः कंटेनरसाठी आखलेले असल्याने सुट्या मालाच्या नोकऱ्यांसाठी त्याच्यावर विसंबू नये.